हजेरीपटावरून नाहीसे होणारे मूल : पर्यायी चार्टर शाळेचा प्रस्ताव कसा तपासावा

प्रश्न : आम्ही गेली अठरा वर्षे कॅलिफोर्नियात राहतो. मी हिशेबतपासनीस आहे आणि आमच्या शालेय जिल्ह्याने नेमलेल्या नागरिक समितीत यंदा माझा समावेश झाला आहे. शाळा अर्धवट सोडलेल्या, न्यायालयाच्या देखरेखीखाली असलेल्या, पालक-कुटुंबांत ठेवलेल्या किंवा अल्पवयात आई झालेल्या मुलामुलींसाठी १५० विद्यार्थ्यांचे पर्यायी चार्टर हायस्कूल काढण्याचा एका स्थानिक संस्थेचा प्रस्ताव आमच्यापुढे आला आहे. तो जवळपास तीनशे पानांचा असून संस्थेची माणसे अत्यंत तळमळीची आहेत. अशा कामात खुसपटे काढू नयेत असे समितीतील काही सदस्यांना वाटते, तर चार्टर शाळा म्हणजे जिल्ह्याच्या शाळांच्या ताटातला घास काढून घेणे, असे इतरांचे ठाम मत आहे. मला शिक्षणशास्त्राचे प्रशिक्षण नाही. या प्रस्तावात मी नेमके काय पाहावे?
– एक वाचक, सॅक्रामेंटो परिसर

उत्तर : आपल्याला शिक्षणशास्त्राचे प्रशिक्षण नाही याची खंत बाळगू नये. अशा प्रस्तावांत शिक्षणविषयक प्रकरणे बहुधा सुबक लिहिलेली असतात, आणि खरा कच्चेपणा हजेरी, पट, पैसा आणि माणसे यांच्या आकड्यांत असतो. ते आकडे वाचण्याची सवय आपल्याला आहे.

महाराष्ट्रातील वाचकांसाठी आधी थोडा खुलासा करतो. चार्टर म्हणजे सनद. सरकारी पैशावर चालणारी, विद्यार्थ्यांकडून शुल्क न घेणारी आणि सर्वांना खुली असलेली ही शाळा शालेय जिल्ह्याऐवजी, म्हणजे त्या भागातील सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक यंत्रणेऐवजी, एक स्वतंत्र संस्था चालवते, आणि त्यासाठी तिचा सनद देणाऱ्या यंत्रणेशी ठरावीक मुदतीचा करार होतो. आपल्याकडील अनुदानित खाजगी शाळेशी तिचे काही साम्य आहे. परंतु अनुदानित शाळेला एकदा मिळालेले अनुदान सहसा पुढे चालू राहते, तर सनदेची मुदत संपते, आणि ठरलेले साध्य झाले नसेल तर नूतनीकरण नाकारता येते. पहिला चार्टर कायदा मिनेसोटा राज्याने १९९१ साली केला आणि दुसरा कॅलिफोर्नियाने १९९२ साली. देशातील पहिली चार्टर शाळा, सेंट पॉल शहरातील सिटी अकॅडमी, १९९२ च्या सप्टेंबरात सुरू झाली, ती शाळा सोडून गेलेल्या मुलांसाठीच. त्यामुळे आपल्यापुढील प्रस्ताव चार्टरच्या मूळ कल्पनेपासून दूरचा आहे असे कोणी म्हटले, तर ते खरे नाही.

आता आपल्या समितीतील दोन मतांविषयी. कॅलिफोर्नियाच्या कायद्याप्रमाणे प्रस्ताव सादर झाल्यापासून साठ दिवसांत जाहीर सुनावणी आणि नव्वद दिवसांत निर्णय व्हावा लागतो, आणि नकार द्यायचा असेल तर त्यामागील वस्तुस्थिती लेखी मांडावी लागते. शैक्षणिक कार्यक्रम सदोष असणे, संस्था तो प्रत्यक्षात उतरवू शकेल अशी शक्यता नसणे, कायद्याने सांगितलेल्या बाबींचे पुरेसे विवेचन नसणे अशी नकाराची कारणे कायद्यातच दिली आहेत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर नव्या शाळेचा जिल्ह्याच्या आर्थिक स्थितीवर आणि चालू सेवांवर होणारा परिणामही विचारात घेता येतो. म्हणजे ‘घास काढून घेणे’ या आक्षेपाला कायद्यात जागा आहे, मात्र तो पुराव्यानिशी मांडावा लागेल. तळमळ हे मंजुरीचे कारण म्हणून कायद्यात कोठेही नाही, आणि ते योग्यच आहे. ज्या मुलाची आधीच दोन-तीन शाळांतून पाठवणी झाली आहे, त्याच्यासाठी उघडलेली चौथी शाळा वर्षाच्या मध्यात बंद पडली, तर त्याचे जे नुकसान होते ते सुस्थितीतल्या मुलाच्या नुकसानीपेक्षा कितीतरी अधिक असते. म्हणून कसून छाननी करणे हा त्या मुलांच्या बाजूने उभे राहण्याचाच प्रकार आहे, असे मी मानतो.

सर्वप्रथम आपल्या जिल्ह्यात आज काय आहे ते पाहावे. कॅलिफोर्नियात सोळा वर्षांवरील मागे पडलेल्या विद्यार्थ्यांसाठी ‘कंटिन्युएशन’ हायस्कुलांची व्यवस्था शंभर वर्षांहून जुनी आहे. तेथे आठवड्याला किमान पंधरा तासांची उपस्थिती पुरते, कारण यांतील अनेक मुले कमावती असतात. काउंटीच्या वतीने चालणाऱ्या सामुदायिक शाळाही आहेत. प्रस्तावात या शाळांचा उल्लेख आहे का, आणि तेथे जाऊनही ज्यांचे भागले नाही अशी मुले कोणती हे संस्थेने शोधले आहे का? ‘आमच्या शहरात शेकडो मुले शाळाबाह्य आहेत’ असे एकच वाक्य लिहून थांबणाऱ्या प्रस्तावाला मी गरजेचा पुरावा मानत नाही. ती मुले कोणत्या वस्तीत राहतात, दिवसा कोठे असतात, त्यांच्यापैकी किती जणांशी किंवा त्यांच्या घरच्यांशी संस्थेचे प्रत्यक्ष बोलणे झाले, हे विचारावे. कायद्याप्रमाणे पालकांच्या किंवा शिक्षकांच्या सह्या प्रस्तावाला जोडलेल्या असतातच. पालकांच्या सह्या असतील, तर त्या अशाच मुलांच्या पालकांच्या आहेत की केवळ हितचिंतकांच्या, हेही पाहावे.

यानंतर माझ्या मते संपूर्ण छाननीचा गाभा येतो. प्रस्ताव वाचताना एकच मूल डोळ्यांसमोर ठेवावे. ते सतरा वर्षांचे आहे, सोमवारी आले, मंगळवारी आले, आणि बुधवारपासून आले नाही. प्रस्तावातील प्रत्येक प्रकरणाला विचारावे की या मुलाचे पुढे काय होते. त्याच दिवशी दूरध्वनी कोण करते, तिसऱ्या दिवशी घरी कोण जाते, त्या माणसाचे वेतन अंदाजपत्रकात कोणत्या ओळीत धरले आहे, आणि मूल सहा आठवडे आलेच नाही तर त्याचे नाव पटावर राहते की गुपचूप काढले जाते? पर्यायी शाळांचे यश ज्या टक्केवारीत सांगितले जाते, तिचा छेद कसा ठरतो यावर सारे अवलंबून असते. वर्षाच्या आरंभी साठ मुले आली, पस्तीस गळाली, उरलेल्या पंचवीसपैकी तेवीस उत्तीर्ण झाली, तर शाळा ब्याण्णव टक्के यश सांगू शकते. आणि गळालेली पस्तीस मुले कोणत्याही तक्त्यात दिसत नाहीत. हिशेबतपासनीस म्हणून आपल्याला हे इतरांपेक्षा लवकर दिसेल. एकदाही पटावर नाव लागलेले प्रत्येक मूल छेदात धरावे आणि शाळा सोडणाऱ्या प्रत्येकाचे पुढचे ठिकाण नोंदवावे, ही अट सनदेतच लिहून घ्यावी.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. नेहमीच्या मोजपट्टीने मोजले तर प्रामाणिक पर्यायी शाळाही नापास ठरते. ज्या हायस्कुलात एक-तृतीयांश किंवा त्याहून अधिक विद्यार्थी पदविका, म्हणजे हायस्कूल पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र, न मिळवता राहतात, ते २०१५ च्या संघीय शिक्षण कायद्याप्रमाणे विशेष सुधारणेच्या यादीत जाते, आणि पदविकेचे प्रमाण मुख्यत्वे चार वर्षांच्या गटावरून, म्हणजे नववीत एकत्र दाखल झालेल्यांपैकी किती जणांनी चार वर्षांत ती मिळवली यावरून, मोजले जाते. साधा हिशेब करून पाहू. पदविकेसाठी २२० क्रेडिट (विषय पूर्ण केल्यावर जमा होणारे एकक) लागतात आणि आपले सतरा वर्षांचे मूल ६० क्रेडिट घेऊन येते असे धरले, तर १६० उरतात. वर्षाला सहा विषयांची ६० क्रेडिट ही नेहमीची गती पकडली तरी त्याला अडीच वर्षांहून अधिक काळ लागेल. त्याच्या चार वर्षांच्या गटाची मुदत त्यापूर्वीच संपलेली असेल. म्हणून ‘पहिल्याच वर्षी ९० टक्के मुले चार वर्षांत पदविका मिळवतील’ असे वचन प्रस्तावात असेल, तर लेखकांनी एक तर आपल्या मुलांची प्रगतिपत्रके पाहिलेली नाहीत किंवा संगणकावर भराभर कळा दाबून क्रेडिट मिळवून देणारा एखादा कार्यक्रम ते विकत घेणार आहेत. दुसऱ्या शक्यतेची चौकशी कडकपणे करावी. तीन आठवड्यांत वर्षभराचा बीजगणिताचा विषय ‘पूर्ण’ करणाऱ्या मुलाला साधे समीकरण सुटत नसेल, तर त्याच्या हाती दिलेला कागद ही त्याची फसवणूकच आहे.

कॅलिफोर्नियाने यासाठी एक वाट करून ठेवली आहे. पटावरील किमान ७० टक्के विद्यार्थी अतिजोखमीच्या गटांत मोडत असतील, तर शाळेला राज्याच्या मूल्यमापन फलकावर पर्यायी शाळेचा दर्जा मागता येतो. असा दर्जा असलेल्या चार्टर शाळेच्या बाबतीत सनद देणाऱ्या यंत्रणेने मुदतीच्या पहिल्याच वर्षी शाळेबरोबर बसून पर्यायी निकषांविषयी चर्चा करावी, आणि नूतनीकरणाच्या वेळी त्या निकषांचाही विचार व्हावा, असे २०१९ च्या दुरुस्तीत म्हटले आहे. माझा सल्ला असा की ही चर्चा पहिल्या वर्षापर्यंत लांबवू नये. निकषांचा मसुदा आताच प्रस्तावासोबत मागावा. मुलाची आजची हजेरी त्याच्याच गेल्या वर्षाच्या हजेरीच्या तुलनेत किती वाढली, दर सत्रात किती क्रेडिट मिळाली, प्रवेशाच्या वेळी आणि वर्षअखेरीस घेतलेल्या वाचन-गणित चाचण्यांत किती फरक पडला, गळालेल्यांपैकी किती परत आले, आणि शाळा सोडल्यानंतर वर्षभराने मूल नोकरीत, प्रशिक्षणात किंवा महाविद्यालयात आहे का, हे पाच आकडे मला पुरेसे वाटतात. प्रस्तावात ‘आत्मविश्वास’ आणि ‘नेतृत्वगुण’ यांचे वर्णन दहा पानांचे आणि वरच्या पाच आकड्यांचे वर्णन अर्ध्या पानाचे असेल, तर तो सुधारून आणण्यास सांगावे.

पैशाच्या बाबतीत एक गोष्ट मात्र आपल्याच क्षेत्राची असल्याने विस्ताराने सांगतो. कॅलिफोर्नियात शाळेला निधी मिळतो तो पटसंख्येवर नव्हे, सरासरी दैनंदिन हजेरीवर. चार्टर शाळेच्या बाबतीत तर चालू वर्षाचीच हजेरी धरली जाते. प्रस्तावातील अंदाजपत्रक बहुधा ९५ टक्के हजेरी गृहीत धरून केलेले असते, कारण नमुना तक्त्यात तोच आकडा असतो. परंतु जी शाळा मुळात शाळेत न येणाऱ्या मुलांसाठी निघत आहे, तिने ९५ टक्के हजेरी गृहीत धरणे म्हणजे स्वतःच्या अस्तित्वाचे कारणच विसरणे होय. १५० मुलांवर ९५ टक्के म्हणजे एकशे साडेबेचाळीस, आणि ८० टक्के म्हणजे एकशे वीस. प्रत्येक हजर विद्यार्थ्यामागे उदाहरणादाखल १२,००० डॉलर धरले तर वर्षाला २,७०,००० डॉलरची तूट येते. एवढ्या रकमेत दोन-तीन शिक्षकांचे वेतन निघते, आणि तूट आली की पहिली कुऱ्हाड पडते ती बुधवारी न आलेल्या मुलाच्या घरी जाणाऱ्या माणसावर. म्हणून ८५, ८० आणि ७५ टक्के हजेरीची तीन वेगळी अंदाजपत्रके मागावीत आणि प्रत्येकात कोणते पद जाते ते नावानिशी लिहून घ्यावे. मी एका राज्यात अशाच एका प्रस्तावाच्या छाननीला बसलो होतो. तेथे पट एक-तृतीयांशाने कमी पडला तर काय कराल, या प्रश्नावर संस्थेच्या अध्यक्षांनी ‘तसे होणार नाही’ एवढेच उत्तर दिले आणि आम्ही ते ऐकून घेतले. शाळा दुसऱ्या वर्षी बंद झाली. त्या दिवशी आम्ही तो प्रश्न पुन्हा विचारायला हवा होता, ही बोच मला आजही आहे.

विशेष शिक्षणाविषयी मोघम शब्द स्वीकारू नयेत. चार्टर शाळा सार्वजनिक असल्याने अपंगत्व असलेल्या मुलांच्या शिक्षणाचा संघीय कायदा तिला पूर्णपणे लागू आहे, आणि पर्यायी शाळांत अशी मुले सर्वसाधारण शाळेपेक्षा जास्त येण्याची शक्यता धरूनच चालावे. पाचात एक मूल धरले तरी दीडशेत तीस होतात. कॅलिफोर्नियात एका विशेष शिक्षकाकडे जास्तीत जास्त २८ मुलांची जबाबदारी असावी असा दंडक आहे, त्यामुळे एका अर्धवेळ विशेष शिक्षकावर भागवलेले वेळापत्रक दिसले की तेथे लाल रेघ मारावी.

शिस्तीचे प्रकरण तर अक्षरशः ओळ न ओळ वाचावे. जुलै २०२४ पासून कॅलिफोर्नियात केवळ अवज्ञा किंवा उद्धटपणा या कारणावरून हायस्कूलच्या विद्यार्थ्यालाही निलंबित करता येत नाही, आणि हे चार्टर शाळांनाही लागू आहे. तसेच कोणत्याही मुलाला त्याच्या इच्छेविरुद्ध पटावरून कमी करायचे असेल, तर किमान पाच शालेय दिवस आधी पालकांना त्यांच्या भाषेत लेखी सूचना देऊन दाद मागण्याची संधी द्यावी लागते. परंतु मुले नेहमी अशी उघडपणे काढली जात नाहीत. ‘तुमच्या मुलाला ही शाळा मानवणार नाही’ असे पालकांना सौम्य शब्दांत सांगितले जाते आणि पालक स्वतःच नाव काढून घेतात. म्हणून स्वेच्छेने नाव काढणाऱ्या प्रत्येक कुटुंबाशी जिल्ह्याचा माणूस स्वतंत्रपणे बोलेल, अशी तरतूद करून घ्यावी.

दोन उदाहरणे डोळ्यांसमोर ठेवण्यासारखी आहेत. ओहायो राज्यातील ‘इलेक्ट्रॉनिक क्लासरूम ऑफ टुमारो’ ही ऑनलाइन चार्टर शाळा आपण इतरत्र न टिकलेल्या मुलांना शिकवतो असे सांगत असे. राज्याने २०१५-१६ च्या हजेरीची तपासणी केली तेव्हा सुमारे १५,३०० च्या पटापैकी सुमारे ६,३०० विद्यार्थ्यांच्याच पूर्णवेळ शिक्षणाचा पुरावा मिळाला. कोट्यवधी डॉलर परत करण्याचा आदेश निघाला आणि जानेवारी २०१८ मध्ये, ऐन वर्षाच्या मध्यात, शाळा बंद पडून सुमारे १२,००० मुले उघड्यावर आली. याउलट इंडियानापोलिसमध्ये गुडविल संस्थेने २०१० साली सुरू केलेल्या एक्सेल सेंटरने हायस्कूल अर्धवट सोडलेल्या प्रौढांसाठी आठ-आठ आठवड्यांची लहान सत्रे ठेवली, प्रत्येकाला मार्गदर्शक दिला आणि शाळेतच मोफत पाळणाघर उघडले. तरुण आई शाळा का सोडते याचा विचार आधी केला आणि शाळेची रचना त्यावरून ठरवली. आपल्या प्रस्तावातही अल्पवयीन मातांचा उल्लेख आहे. त्यांची बाळे दिवसभर कोठे असतील, हा प्रश्न सुनावणीत अवश्य विचारावा.

संस्थेच्या तळमळीच्या माणसांना भेटताना संचालक मंडळापेक्षा नियोजित मुख्याध्यापकांना अधिक वेळ द्यावा. अशा मुलांबरोबर त्यांनी स्वतः किती वर्षे काम केले, आणि त्यांच्या हातून निसटलेल्या एखाद्या मुलाविषयी ते काय सांगतात, हे ऐकावे. ज्याने हे काम खरोखर केले आहे, त्याच्याजवळ अशा मुलाची आठवण असतेच.

समितीचा अहवाल मंजुरी किंवा नकार या दोनच शब्दांत बसवण्याची आवश्यकता नाही. प्रस्ताव मुळात भक्कम असून पाच निकष, हजेरीची तीन अंदाजपत्रके आणि विशेष शिक्षक यांत उणीव असेल, तर शाळा सुरू होण्यापूर्वी पूर्ण करावयाच्या अटी तारखांसह लिहून सशर्त मंजुरीची शिफारस करावी. गळणाऱ्या मुलांचा हिशेब देण्यासच संस्था तयार नसेल, तर मात्र माझ्या मते नकाराची शिफारस करण्यात संकोच बाळगू नये.

प्रश्न : मी नाशिकमध्ये शाळा सोडलेल्या मुलांना सतरा नंबरच्या फॉर्मवर दहावीला बसवण्याचे काम करतो. अमेरिकेतील अशा पर्यायी चार्टर शाळांसारखी सोय महाराष्ट्रात शक्य आहे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तशी सनद देणारा कायदा आपल्याकडे नाही. २०१२ चा स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा नवी शाळा काढू देतो, परंतु नावाप्रमाणेच त्यात सरकारी पैसा मिळत नाही, आणि आपल्या मुलांकडून शुल्क घेणे शक्य नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम ४ प्रमाणे शाळाबाह्य मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश आणि विशेष प्रशिक्षण मिळते, आणि वय चौदा ओलांडले तरी आठवीपर्यंतचे शिक्षण मोफत पूर्ण करता येते. नववी-दहावीत गळालेल्याला त्याचा उपयोग होत नाही. या मुलांसाठी सतरा नंबरच्या फॉर्मबरोबरच राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचाही विचार करावा. तेथील नोंदणी पाच वर्षे चालते, या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात आणि उत्तीर्ण विषय जमा राहतात. अमेरिकेतील क्रेडिटच्या पद्धतीला हेच सर्वांत जवळचे आहे. ज्या मुलाला एका बैठकीत सहा विषय झेपत नाहीत, त्याला दोन-दोन विषय घेऊन पुढे जाता येते.

आणि वरच्या उत्तरातील एक गोष्ट आपण कोणत्याही कायद्याविना उद्यापासून करू शकता. वर्षाच्या आरंभी आपल्याकडे नाव घातलेल्या प्रत्येक मुलाची एक वही ठेवावी. जे मूल परीक्षेला बसले नाही, त्याच्या नावापुढे ‘गैरहजर’ एवढेच न लिहिता, ते आज कोठे आहे आणि त्याच्या घरी शेवटचे कोण व कधी गेले होते, हे लिहावे. निधी मागण्यासाठी आपण कोणाकडे गेलात, तर निकालाच्या टक्केवारीआधी ही वही दाखवावी.